हातमागाच्या सागवानाचा बेस

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापुरातल्या एका पंचविशीच्या पोराचं आणि त्यानं घरच्या लाकडातून बनवलेल्या बेस गिटारचं आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात तो इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मापं आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. कारखान्यात सगळे त्याला वायरमन म्हणतात, आपणही तेच म्हणू.

मित्रांचा एक ग्रुप आहे. हळदीचे कार्यक्रम, कॉलेजचं गॅदरिंग, गणपतीत एखाद्या मंडळाची सुपारी, असं चालतं. बेसचं, म्हणजे खालच्या जाड सुरांचं, काम इतके दिवस कीबोर्डवाला डाव्या हातानं उरकत होता. वायरमन एका ओळखीच्याचा बेस उसना आणून वाजवायला शिकला आणि मग आपला स्वतःचा हवा असं त्याच्या डोक्यानं घेतलं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर त्यानं विषय काढला, गणपतीपर्यंत हातात यावा अशी त्याची अपेक्षा होती.

घराच्या माळ्यावर आजोबांचा हातमाग सुटा करून ठेवलेला होता. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या पुष्कळ घरांत यंत्रमाग आले तसे हातमाग निघाले; काहींचं सरपण झालं, काही माळ्यावर गेले. याचं लाकूड जुनं सागवान. वडील म्हणाले, "भंगारात जायच्या आधी काय करायचं ते कर, नाहीतर दिवाळीत मी माळा रिकामा करणार." आपला बेस आपणच बनवायचा हे इथं ठरलं.

मी गिटारी, कीबोर्ड आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. इंटरनेटवरून उतरवलेला नकाशा घेऊन तो माझ्याकडे आला. पुढची कामं त्यानं आणि एका फर्निचरवाल्या मिस्त्रीनं केली, मी मधूनमधून बघत होतो.

मापांचा पाया

सुटे भाग जोडून बेस बनवता येतो याचं श्रेय अमेरिकेतल्या लिओ फेंडरच्या १९५१ सालच्या प्रिसिजन बेसला द्यावं लागतं. बॉडी, म्हणजे धड, वेगळी; नेक, म्हणजे बोटं फिरतात ती मान, वेगळी; दोन्ही चार स्क्रूंनी जोडलेली. तारेची लांबी, म्हणजे स्केल, ३४ इंच. मिलिमीटरमध्ये सुमारे ८६४. पुढे १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा चुंबकाचा भाग) आला आणि १९६० मध्ये दोन पिकअपचा, वरच्या टोकाशी अरुंद नेकचा जाझ बेस निघाला. आजही सुट्या भागांचा बाजार बहुतेक याच दोन नमुन्यांवर चालतो.

सगळं वाद्य एका रेषेवर उभं असतं: नटापासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा अडकवायचा धातूचा भाग, सॅडल म्हणजे त्यावरचा प्रत्येक तारेचा टेकू आणि फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. बारावा फ्रेट या रेषेच्या बरोबर मध्यावर, नटापासून ४३२ मिलिमीटरवर येतो. पातळ जी तारेचं सॅडल जवळपास तेवढ्याच अंतरावर पलीकडे असतं. जाड तार फ्रेटवर दाबली की सूर थोडा जास्त चढतो, म्हणून ई तारेचं सॅडल आणखी काही मिलिमीटर मागे सरकवावं लागतं. ब्रिजवर सॅडल पुढेमागे करायचे स्क्रू असतात ते यासाठीच. पण त्यांची हालचाल मर्यादित असते. ब्रिजच चुकीच्या जागी बसला तर ते स्क्रू काही करू शकत नाहीत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: नवशिक्यांसाठीचा तयार बेस. चौदा-पंधरा हजारांत बरा मिळतो, वॉरंटी मिळते, त्याच आठवड्यात सराव सुरू. दुसरा, पुण्याहून वापरलेला घ्यायचा. तिसरा, पूर्ण किट: बॉडी, नेक, ब्रिज, पिकअप, सगळं एकाच खोक्यात, भोकं पाडलेली, आपण जोडायचं, रंगवायचं. चौथा, बॉडी घरच्या लाकडाची आणि बाकी भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून.

मिरजेला जाऊन एखाद्या वाद्य कारागिराला विचारावं असंही एकदा निघालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरच्या बाजूला पिकतात. विचार वाईट नव्हता. पण स्टीलच्या चार जाड तारांचा सगळा मिळून पाऊणशे किलोच्या घरातला ताण, बोल्टनं जोडलेली नेक आणि आत वायरिंग हे काम वेगळं आहे. इथला फर्निचरचा मिस्त्री राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, चालवतो आणि मापाला पक्का आहे, एवढं पुरे होतं.

माझं मत किटच्या बाजूनं होतं आणि मी ते सांगितलं. किटमधले भाग एकमेकांशी जुळवून पाठवलेले असतात. पहिल्या वाद्यात तेच महत्त्वाचं. वायरमनचं म्हणणं, "दादा, किट जोडायचं तर मग तयारच घेतो की. माळ्यावरचं लाकूड वापरायचंय म्हणून तर हे चाललंय." हे उत्तर प्रामाणिक होतं. पैसे वाचतील या आशेनं तो यात पडत नव्हता; तसं असतं तर मी आणखी अडवलं असतं. चौथा पर्याय ठरला.

पिकअपचा निर्णय लगेच झाला. दोन तुकड्यांचा एकच पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. पहिल्या वाद्यात वायरिंग जितकं कमी तितकं बरं.

लाकडाचं काम

हातमागाचे खांब चार-साडेचार इंच रुंदीचे होते आणि बॉडीला तेरा इंच रुंदी लागते, म्हणून तीन फळ्या कडेला कडा जोडून पावणेदोन इंच जाडीचा ठोकळा करायचं ठरलं. जुन्या लाकडात दोन गोष्टींची धास्ती असते. एक खिळे. राउटरच्या पात्याला आतला खिळा लागला तर पातं जातं आणि कधी हातही. वायरमननं छोटं मॅग्नेट दोऱ्याला बांधून प्रत्येक फळीवरून फिरवलं. जिथं ते ओढलं जाई तिथं खडूची खूण. बरेच खिळे निघाले, काही तर वरून दिसतही नव्हते.

दुसरी गोष्ट सागाचं तेल. सागवान तेलकट असतं म्हणूनच ते टिकतं, पण त्या तेलामुळे डिंकही नीट धरत नाही आणि पॉलिशही. मिस्त्रीला हे सांगावं लागलं नाही. त्यानं कडा ताज्या रंधून घेतल्या, थिनरच्या फडक्यानं पुसल्या आणि लगेच डिंक लावून शिकंजे आवळले.

वजनाचा प्रश्न मात्र नीट हाताळला गेला नाही. फेंडरच्या धर्तीच्या बॉडी बहुधा आल्डर किंवा ॲश या लाकडांच्या असतात. सागवान आल्डरपेक्षा बरंच जड, साधारण दीडपटीच्या जवळ. तीन किलोची बॉडी, वर नेक आणि लोखंड, म्हणजे खांद्यावर पावणेपाच किलो. मागून पोकळ्या पाडून वजन उतरवता आलं असतं. वायरमन म्हणाला, "आजोबांचं लाकूड कोरून फेकून कशाला द्यायचं?" इथं भावना मापापेक्षा वरचढ ठरली. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, खांदा त्याचा आहे.

कळीचा क्षण: भोकं आधी की नेक आधी

नेक ऑनलाइन मागवली होती आणि ती यायला वेळ लागत होता. दरम्यान मिस्त्रीच्या घरी लग्न निघालं, त्याला पंधरवड्यासाठी गावी जायचं होतं. बॉडीचा आकार कापून झाला होता, पिकअपची खाच आणि नेकचं पॉकेटही (नेक बसायची खाच) नकाशावरून काढून झालं होतं. पॉकेटच्या बाजू त्यानं शहाणपणानं जराशा घट्ट ठेवल्या होत्या, नेक आल्यावर पॉलिश पेपरनं सैल करता याव्यात म्हणून. राहिली होती ब्रिजची पाच भोकं.

हा संवाद वायरमननं मला नंतर सांगितला.

"ही भोकं पण पाडून टाकू का? मशीन लावलेलंच हाय."

"मामा, नेक यायचीय अजून."

"नकाशात माप हाय की नाही? चौतीस इंच लिहिलंय बघ. नेक पण चौतीसचीच मागवलीयस ना?"

"हो, चौतीसचीच."

"मग काय बे. परत मला बोलवशील, मी तिकडं मांडवात असणार."

भोकं पाडली गेली.

यात मिस्त्रीचा दोष काढता येत नाही. हातात असलेल्या कागदाप्रमाणे त्यानं अचूक काम केलं. नंतर मोजलं तेव्हा नकाशापासून अर्धा मिलिमीटरसुद्धा फरक नव्हता. चूक गृहीतकात होती: दोन्हीकडे ३४ इंच लिहिलंय म्हणजे दोन्ही एकमेकांना बसणार. ३४ इंच हे नट ते सॅडल अंतर आहे. नेकचा जो भाग पॉकेटमध्ये बसतो, ज्याला हील म्हणतात, तो नटापासून किती लांब संपतो हे त्या आकड्यातून कळत नाही. नकाशा वीस फ्रेटच्या नेकचा होता, मागवलेली नेक एकवीस फ्रेटची. काही एकवीस फ्रेटच्या नेकमध्ये शेवटचा फ्रेट नुसत्या पुढे आलेल्या फिंगरबोर्डवर (फ्रेट बसवलेली वरची फळी) असतो आणि खालचं लाकूड तेवढंच राहतं. त्या चालतात. या नेकचं लाकूडच पुढे वाढवलेलं होतं.

अडचण

नेक आली तेव्हा मिस्त्री गावी होता. वायरमननं पॉकेटच्या बाजू घासल्या, नेक छान घट्ट बसली, आणि तो खुशीत माझ्याकडे घेऊन आला. मी त्याला ब्रिज नुसता भोकांवर ठेवायला सांगितला आणि स्टीलची मीटरपट्टी दिली. नट ते बारावा फ्रेट: ४३२. बारावा फ्रेट ते जी तारेचं सॅडल, अगदी पुढे आणलेलं: ४४३.

त्यानं पट्टी उलटी करून पुन्हा मोजलं. मग माझ्याकडची दुसरी पट्टी मागितली. आकडा तोच.

अकरा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. हिशेब केला तर बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकापेक्षा सुमारे वीस सेंटनं उतरलेला येणार. शंभर सेंट म्हणजे पियानोवरची लागूनची एक पट्टी. मोकळी तार सुरात लावली की वरचे सगळे स्वर बेसूर, वरचे लावले की मोकळी तार बेसूर. कीबोर्डसोबत वाजवताना हे कुणाच्याही कानाला खटकलं असतं.

दुरुस्तीचे पर्याय

इथं आम्ही बराच वेळ घालवला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखी जागा हीच आहे.

पहिला उपाय पॉकेट ब्रिजच्या दिशेनं अकरा मिलिमीटर वाढवण्याचा. शास्त्राप्रमाणे हाच योग्य. नेक आत सरकते, ब्रिज आणि पिकअप नकाशाप्रमाणे जागेवर राहतात, वर कुठे डागही दिसत नाही. अडचण हत्याराची होती. राउटर मिस्त्रीकडे, मिस्त्री गावी. वायरमनकडे पटाशी आणि हातोडी. सागात हातानं पॉकेट कोरताना तळ एकसारखा राहिला नाही तर नेक तिरकी बसते, आणि हा सांधा तर सगळा ताण पेलणारा. शिवाय नेकच्या चार स्क्रूंची भोकंही बॉडीत पाडून झालेली होती. हील आत सरकली की ते स्क्रू हीलच्या वेगळ्या जागी लागणार, हेही तपासावं लागलं असतं.

दुसरा उपाय ब्रिज पुढे आणण्याचा. पाच जुनी भोकं बुजवायची, पाच नवी पाडायची. काम सोपं, हातातल्या ड्रिलनं होण्यासारखं. पण ब्रिजचे स्क्रू त्याच्या मागच्या कडेला असतात. ब्रिज अकरा मिलिमीटर पुढे आला की जुनी भोकं त्याच्या मागे उघडी पडणार, म्हणजे बुजवलेले पाच ठिपके कायम दिसत राहणार. दुसरी गोष्ट, पिकअप जागेवरच राहणार, म्हणजे ब्रिज त्याच्या तेवढा जवळ येणार. आवाज किंचित कडक होईल. ग्रुपमध्ये वाजवताना तो फरक कळेल असं मला वाटत नव्हतं. तिसरी, नेक अकरा मिलिमीटर बाहेरच राहिल्यामुळे पहिल्या फ्रेटपर्यंत हात थोडा जास्त लांब करावा लागणार.

तिसरा उपाय नेक परत करून दुसरी मागवायची. विक्रेता परत घ्यायला तयार होता, पण पाठवणीचा खर्च आपला आणि नवी नेक कधी येईल याचा भरवसा नाही. चौथा होता मिस्त्रीची वाट बघण्याचा. मी यासाठी आग्रह धरला. वायरमनला धीर नव्हता. ग्रुपला शब्द दिलेला, मित्र रोज फोन करत होते.

त्यानं दुसरा उपाय निवडला. घाईत निवडला असं म्हणता येईल, पण चुकीचा निवडला असं मी म्हणणार नाही. पटाशीनं पॉकेट बिघडलं असतं तर बॉडीच वाया गेली असती. ब्रिजच्या बाबतीत जास्तीत जास्त ठिपके वाईट दिसले असते. अनुभव नसलेल्या हातानं धोका कुठे घ्यावा याचा तो हिशेब होता.

प्रत्यक्ष काम

भोकं बुजवायला त्यानं उरलेल्या सागाच्याच बारीक काड्या तासून डिंकात बसवल्या. टूथपिक किंवा माचिसच्या काड्या कोंबण्याचा जुगाड पुष्कळ ठिकाणी दिसतो. तारांच्या ओढीला तो किती दिवस टिकेल याची खात्री मी देणार नाही.

मग मधली रेषा. ब्रिज लांबीत बरोबर असून चालत नाही, आडवाही बरोबर हवा, नाहीतर एखादी कडेची तार फिंगरबोर्डवरून खाली घसरते. इथं सोलापूर कामाला आलं. कारखान्यातून त्यानं मागावरच्या मजबूत धाग्याची बॉबिन आणली. नटाच्या पहिल्या आणि चौथ्या खाचेतून दोन धागे ब्रिजच्या कडेच्या सॅडलपर्यंत ताणले, खाली वजनं बांधली. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही धागे कडेपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत ब्रिज केसाकेसानं सरकवला, जी तारेचं सॅडल जवळपास पुढे ठेवून बाराव्या फ्रेटपासूनचं अंतर ४३२ वर आणलं, आणि ब्रिज कागदी टेपनं चिकटवून सगळं पुन्हा मोजलं. मगच सुईनं खुणा केल्या. स्क्रू पिळताना साबण लावला. सागात कोरडा स्क्रू रेटला तर डोकं तुटून येतं.

नेकच्या स्क्रूंचीही एक खुबी आहे. बॉडीतलं भोक स्क्रू सहज आरपार जाईल एवढं मोठं हवं, धरायचं काम फक्त नेकमधल्या भोकानं करायचं. स्क्रूनं बॉडीतही दात रोवले तर नेक आणि बॉडी एकमेकांवर आवळली जात नाहीत, मधे फट राहते. पॉकेट सुमारे १६ मिलिमीटर खोल, त्याखाली बॉडी साधारण २८ उरते. ४५ मिलिमीटरचा स्क्रू मागच्या धातूच्या पट्टीसकट नेकमध्ये पंधराच्या आसपास शिरतो. फिंगरबोर्ड फोडून वर येऊ नये म्हणून ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली बांधून घेतली.

ट्यूनरची (तारा पिळायच्या खुंट्यांची) भोकं आणि विकत घेतलेले ट्यूनर यांचाही मेळ नव्हता. नेकवरची भोकं बारीक खुंटाच्या ट्यूनरची, घेतलेले मोठ्या खुंटाचे. ते बदलून आणले, विषय संपला.

पॉलिश फर्निचरवर पीयू (पॉलियुरेथेन) मारणाऱ्याकडून करून घेतलं. थिनरनं पुसून, वर सीलर मारून मग. छान चढलं.

उन्हाळा

एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि नेकच्या कडेनं हात फिरवला की करवतीचे दात लागल्यासारखं वाटू लागलं. फ्रेटची टोकं बाहेर आली होती. लाकूड कोरड्या हवेत रुंदीला आक्रसतं, धातू आक्रसत नाही. दमट हवेतून आलेली नेक सोलापूरच्या उन्हाळ्यात, त्यातही पत्र्याच्या खोलीत ठेवली की हे व्हायचंच.

वायरमनला लगेच कानस मारायची होती. मी थांबवलं. लाकूड आक्रसायचं थांबलं की एकदाच घासावं, नाहीतर दर पंधरा दिवसांनी तेच. नेक पत्र्याखालून काढून खालच्या खोलीत ठेवली. मे महिन्याच्या शेवटी फिंगरबोर्डवर टेप लावून बारीक कानशीनं टोकं तिरकी घासली, वर पॉलिश पेपर. ती पुन्हा बाहेर आली नाहीत.

गुणगुण

वायरिंग हे त्याचं घरचं मैदान होतं आणि नेमकं तिथंच त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. व्हॉल्यूम आणि टोन फिरवायची २५० किलोओमची दोन पॉट, टोनला ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, पार्टवाल्याकडे '४७३' सांगितलं की हातात ठेवतो. व्हॉल्यूमचं पॉट मात्र त्याला बी प्रकारचं मिळालं, त्यामुळे आवाज फिरवताना एकसारखा न चढता एका बाजूला गोळा होतो. नंतर ए प्रकारचं बदललं. पॉटच्या पाठीवर अर्थची वायर सोल्डर करायला पंचवीस वॅटचं सोल्डरिंग पुरत नाही, पाठ घासून साठ वॅटचं लावलं.

तारा चढवल्या, ॲम्पला जोडलं, आणि जोरात गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. मोकळी जी तार ९८ ची. त्या आवाजात जी तार सुरात लावणंही अवघड.

दोन तुकड्यांच्या पिकअपमध्ये दोन्ही कॉइल उलटसुलट जोडलेल्या असतात, ही गुणगुण त्यात बऱ्यापैकी कटते. म्हणजे दोष पिकअपचा नसावा. मी त्याला आधी तारांना हात लावायला सांगितला: काही फरक नाही. मग जॅकच्या धातूला: आवाज एकदम बसला. तारा अर्थला जोडल्याच गेलेल्या नाहीत हे यावरून उघड झालं. मल्टिमीटर बझरवर ठेवून ब्रिज आणि जॅक तपासलं, बझर वाजला नाही. ब्रिज उचलला. खालून आलेली वायर होती मोटर रिवाइंडिंगची, तांबड्या इनॅमलची. पॉटच्या बाजूचं टोक त्यानं सोल्डर करताना खरवडलं होतं, ब्रिजखालचं तसंच ठेवलं होतं. तांबं उघडं दिसतं, पण त्यावर इन्सुलेशन असतं. रोज मोटरी उघडणाऱ्या पोराला हे सांगायची वेळ आल्यावर तो जे हसला ते हसला. ब्लेडनं खरवडलं, सोल्डरचा हात दिला, ब्रिज आवळला, बझर वाजला, गुणगुण गेली.

यानंतर एक काम मी सक्तीनं करायला लावलं. तारा आता ॲम्पच्या चासीला जोडलेल्या, म्हणजे वाजवणाऱ्याचा हात कायम अर्थला. मांडवात जनरेटरवर, अर्थिंग नसलेल्या बोर्डावर माइकला ओठ लागला तर शॉक बसू शकतो. ग्रुपच्या एक्स्टेन्शन बोर्डाला त्यानं आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवली आणि प्रत्येक ठिकाणी आधी सॉकेटचं अर्थिंग तपासायचं ठरवलं. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन मोडून गुणगुण घालवणारे महाभाग अजून आहेत, म्हणून हे लिहितोय.

शेवटचं सेटिंग गॅरेजमधल्या फिलर गेजनं (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) केलं. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधलं अंतर ०.३ मिलिमीटरच्या आसपास आणायचं, ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही, आणि फिरवल्यावर नेकला जरा वेळ द्यायचा.

निष्पत्ती

गणपतीच्या आधी बेस वाजायला लागला. सूर सगळ्या फ्रेटवर बरोबर आहेत, चारही सॅडलना पुढेमागे दोन्हीकडे जागा शिल्लक आहे. आवाज भरीव आहे. तो सागवानामुळे आहे असं वायरमन म्हणतो. मी पिकअप आणि नव्या तारांना जास्त श्रेय देईन. वजन पावणेपाच किलोच्या पुढे गेलं, रुंद पट्टा घेतला तरी दोन तासांच्या कार्यक्रमानंतर खांदा बोलतो. ब्रिजमागे पाच ठिपके दिसतात. सगळा खर्च एकोणीस हजारांच्या आसपास गेला, म्हणजे तयार बेसपेक्षा जास्तच, आणि त्यात त्याची स्वतःची मजुरी धरलेली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीचा क्रम. नेक सर्वात आधी, ती हातात आल्यावर हीलची रुंदी, जाडी आणि नटापासून हीलच्या टोकापर्यंतची लांबी मोजून मगच पॉकेट. नकाशा आकारासाठी ठीक, सांध्यासाठी नाही. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला स्केल विचारून थांबू नये. हीलचं माप पट्टी ठेवून काढलेल्या फोटोत मागावं. दोन-तीन विक्रेते पाठवतात, जे पाठवत नाहीत त्यांना सोडावं.

ब्रिजची भोकं सर्वात शेवटी, नेक बसल्यावर, बाराव्या फ्रेटपासून मोजून. मिस्त्रीला लग्नाला जायचं असो नाहीतर काशीला.

मिस्त्री गावाहून आल्यावर त्यानं ठिपके बघितले. "फोन केला असतास तर राउटर पोरानं आणून दिला असता, पॉकेटच सरकवलं असतं," म्हणाला. राउटर मिस्त्रीसोबत गावी गेला असं आम्ही दोघांनी धरून चाललो होतो. तो इथं दुकानातच होता. विचारलं असतं तर पहिला उपाय तेव्हाच शक्य होता.

वजनाबद्दल मी अजूनही त्याच्याशी भांडतो. मागच्या बाजूनं दोन पोकळ्या आजही पाडता येतील, वर झाकण बसवून. तो नाही म्हणतो.

नेक घरात आणून महिनाभर तिला इथल्या हवेत राहू द्यायला हवी होती. हे त्यानं आता मनावर घेतलंय. ग्रुपमधल्या गिटारवाल्यालाही माळ्यावरच्या उरलेल्या खांबांतून गिटार हवीय. त्याची नेक उन्हाळ्याआधी आली, ती वायरमनच्या खालच्या खोलीत भिंतीला टांगलेली आहे, हीलवर पेन्सिलीनं तिन्ही मापं लिहून. मिस्त्रीला अजून बोलावलेलं नाही.